गबाळीचा कोट

९ फेब्रुवारी

ताई,

आज आठवा दिवस. फोन केला की भावजी उचलतात आणि म्हणतात, "ती आंघोळीला गेलीय." आठ दिवस आंघोळ चाललीय म्हणजे एव्हाना टाकी तरी रिकामी झाली असेल. तू रुसली आहेस हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. रूस, तुझा हक्कच आहे. पण आधी माझी बाजू ऐक आणि मग काय झाडायचं ते झाड.

पास मी हौसेनं पाठवले होते. सव्वीस वर्षं मी या नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत कपडेपट सांभाळतेय. नटांचे कपडे जमवायचे, धुवायचे, उसवले की शिवायचे, कुणाच्या अंगावर काय चढवायचं ते ठरवायचं. एवढ्या वर्षांत माझ्या सख्ख्या बहिणीनं माझं काम एकदाही पाहिलं नव्हतं. दर वेळी तुझं काहीतरी निघायचं. म्हणून पंचविसाव्या प्रयोगाला व्यवस्थापकाच्या नाकदुऱ्या काढून तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या मिळवल्या, आणि तू मध्यंतराच्याही आधी उठून गेलीस.

त्या नाटकात एक आत्या आहे. न बोलावता येते आणि सगळ्यांची पंचाईत करते. दिग्दर्शक मला म्हणाला होता, "बाई दारात उभी राहिली की लोक हसले पाहिजेत. तिनं तोंड उघडायच्या आधी. बाकी तुम्ही बघा." माझ्याकडे पेट्या आहेत, प्रत्येकीवर नाव रंगवलेलं. राजा, शिपाई, डॉक्टर, भिकारी. एकीवर 'गबाळी'. ती उघडली तर वरच तुझा तपकिरी कोट होता. दोन वर्षांपूर्वी तूच जुन्या कपड्यांच्या पिशवीतून दिला होतास. "कोपरं झिजलीत, तुझ्या पेट्यांत कुठे खपला तर बघ," म्हणाली होतीस. मी बघितलं आणि खपवला.

तुला पटणार नाही, पण आमच्यात पेटीत पडलेला कपडा कुणाचा राहत नाही. तो भूमिकेचा होतो. चोवीस प्रयोग मी तो कोट ब्रश मारून खुंटीला लावला आणि एकदाही मनात आलं नाही की हा ताईचा. पास पाकिटात घालतानाही आलं नाही. चुकले मी. पण एवढंच झालं, यात दुसरं काही नव्हतं. आता फोन उचल.

तुझी धाकटी


२२ फेब्रुवारी

ताई,

एवढंच झालं असं मी लिहिलं, ते खोटं होतं. तुझं उत्तर आलं असतं तर खोटं पचून गेलं असतं. आलं नाही, म्हणून ते घशाशी येतंय.

नुसत्या कोटाला कोणी हसत नव्हतं. आत्याचं काम करणारी पोरगी चुणचुणीत आहे, आम्ही तिला भिंगरी म्हणतो. तिच्या अंगावर तो कोट नुसता लोंबायचा. पहिले सहा प्रयोग लोक गप्प बसले. दिग्दर्शक माझ्यावर डाफरला, "हा काय कोट आहे की पडदा?" मग मी भिंगरीला बाजूला घेतलं. म्हटलं, डाव्या मुठीत कॉलर धर, घरातसुद्धा, जसं काही वारं सुटलंय. पिशवी पोटाशी घे. खोलीच्या मधून चालू नकोस, भिंतीच्या कडेनं चाल. आणि दारात थांबून म्हण, "मी बसत नाही हं, तुमचं चालू द्या."

ते वाक्य नाटकात नव्हतं. ते तुझं आहे. माझ्या घरी आलीस की उंबऱ्यातच तू ते म्हणतेस. सातव्या प्रयोगाला त्या वाक्यावर असा हशा उसळला की भिंगरीला पुढचं बोलायला थांबावं लागलं. मी आत विंगेत उभी होते, आणि मला आनंद झाला, ताई. मला माझी पाठ थोपटावीशी वाटली.

तू गेल्यावर भावजी मात्र शेवटपर्यंत बसले होते, हेही मी लिहिलं नाही. पडदा पडल्यावर आत आले, डोळे पुसत. हसून हसून पाणी आलं होतं. "मेहुणीबाई, हुबेहूब! घरी आणखी एक आहे, हवी तर तीही पेटीत घाला," म्हणाले. आणि मी काय केलं असेल? मीही हसले. पाहुण्याच्या विनोदाला हसतात तसं नाही, चांगलं खळखळून.

गबाळी म्हणजे काय, हे मी नव्या मुलींना शिकवत असते. घाणेरडी नव्हे आणि फाटकीही नव्हे, फाटकं सगळं भिकाऱ्याच्या पेटीत जातं. गबाळीचे कपडे धुतलेले असतात, धड असतात, फक्त त्यांचं एकमेकांशी पटत नाही आणि अंगाशी तर मुळीच पटत नाही. अजागळ माणसाला आपण कसे दिसतो ते कळतच नसतं. गबाळीला कळतं, पण तिनं नाद सोडून दिलेला असतो. म्हणून गरिबाला लोक तोंडावर हसत नाहीत, गबाळीला मोकळेपणानं हसतात. त्यांना वाटतं, हिला जमलं असतं, हिनं केलं नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की मला ते शास्त्र वाटायला लागलंय.

तुझ्या बाबतीत मी तेच धरून चालले. लग्नाआधी तू अशी नव्हतीस. गल्लीतल्या पोरी तुझ्याकडे कपडे बेतायला यायच्या, आणि तू नुसता खांदा एवढासा वर घेतलास की साधा झगा दुकानातल्यासारखा दिसायचा. मग लग्न झालं, नोकरी लागली, आणि वर्षा-दोन वर्षांत तू अशी गबाळी झालीस. आई म्हणायची, "हिचं काय हे ध्यान!" मी म्हणायचे, लग्नानंतर होतं असं. यापलीकडे मी विचार केला नाही. नाट्यगृहातल्या कुठल्याही नटीचा मी याहून जास्त केलाय.

कोट मी काढून घेतलाय असं लिहिणार होते. नाही काढला. हशा जाईल म्हणून दिग्दर्शक काढू देत नाही, आणि मी जोर धरला नाही. माझी मलाच किळस येते.

तुझी धाकटी


६ मार्च

ताई,

हे पत्र नीट बसून वाच.

काल दुपारच्या प्रयोगात भिंगरीचा कोट खुर्चीच्या खिळ्याला अडकला आणि बाजूनं टरकन फाटला. मी तो शिवायला घेतला आणि पहिल्यांदाच उलटा केला. आम्ही नाटकाचे कपडे आतून बघत नाही. प्रेक्षकाला आत दिसत नाही, मग आम्ही तरी कशाला बघतो?

बाजूच्या शिवणीच्या आत कापडाचा रंग अजून गडद होता, आणि त्यात जुन्या टिपेच्या भोकांची सरळ रेघ. शिंप्यानं मशिनवर मारलेली बारीक टीप कुणीतरी ब्लेडनं एकेक धागा कापून काढली होती. तिच्या बाहेर दोन बोटं, हातानं घातलेले टाके. दुसऱ्या बाजूलाही तसंच. पाठीवरचे, कंबर आवळून धरणारे दोन्ही टक्स उसवलेले. शिवणीच्या आत दुमडून राखलेली सगळी माया, शेवटच्या काठापर्यंत बाहेर सोडलेली. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरवलेला. मूळच्या बटणांचे तुटके दोरे अजून तिथेच होते आणि शेजारी तीन तऱ्हेची बटणं.

हे झिजून झालेलं नाही. अंगासरशी बसणारा, चांगल्या शिंप्यानं बेतलेला कोट घेऊन कुणीतरी निवांत बसून तो बिघडवलाय. आणि बिघडवणारा हात इतका सफाईचा की मी, सव्वीस वर्षं हेच करणारी मी, वरून फसले. टाके तुझे आहेत. दर पाचव्या टाक्याला मागे येऊन गाठ, असे टाके मी तुझ्याच हातचे पाहिलेत.

मग मी आठवत बसले. लग्नानंतर पहिल्यांदा तू माहेरी आलीस ती निळ्या झग्यात. भावजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "रस्त्यानं येताना चार जण वळून बघत होते. कुणासाठी नटली होती विचारा." आम्ही सगळे हसलो होतो. तू नव्हती हसलीस. तो झगा पुन्हा दिसला नाही. आणि तुझी नोकरी लागली तेव्हा आई त्यांना घाबरत म्हणाली, "जाऊ द्याल ना हिला?" तर म्हणाले होते, "जाऊ दे की. असल्या गबाळीकडे कोण बघतंय?" आम्ही म्हटलं, किती मोकळ्या मनाचा जावई.

ताई, तू नोकरीवर जाता यावं म्हणून अशी राहतेस का? त्यांच्या मनात काही येऊ नये म्हणून चांगला कोट विकत घ्यायचा आणि घरी बसून तो उसवायचा, असं किती वर्षं चाललंय? मारतात का ते? मला खरं लिही. मी येते, तुला इकडे घेऊन येते. माझी खोली लहान आहे, पण दोघी मावू.

मी शिकवत होते ते सगळं चूक होतं. तू नाद सोडून दिला नव्हतास. आमच्या एकाही नटीनं कधी घेतली नसेल एवढी मेहनत तू घेत होतीस, आणि मी त्यावर तीस-पस्तीस वेळा लोकांना हसवलं.

लगेच उत्तर टाक. मी वाट बघतेय.

तुझी धाकटी


१९ मार्च

ताई,

हे पत्र मी टाकणार नाही. शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवीन. पण कुठेतरी खरं लिहून ठेवल्याशिवाय मला उद्याचं पत्र लिहिता येणार नाही.

काल सकाळी तो आला होता. त्याला मी आता भावजी म्हणणार नाही. मागच्या दारानं आला, हातात मोठं गाठोडं, चेहरा हसरा. माझ्या टेबलावर गाठोडं ठेवून म्हणाला, "तुमच्या पेटीसाठी. तिला आता लागणार नाहीत."

सोडलं तर तुझे कपडे. राखी कोट, तो लांब झगा, सगळं.

मी म्हटलं, "ताई कुठाय?"

"घरीच. नवे कपडे घेतलेत तिला, माझ्या पसंतीचे. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं हो, मेहुणीबाई. बावीस वर्षं एका घरात राहतो आम्ही, पण मला काय शिवणातलं कळतंय? मला वाटायचं, आपली बायको साधी आहे." खुर्ची ओढून बसला. "म्हणजे ही मुद्दाम ढगळं शिवायची. मग मी तिला विचारलं, माणूस लपवायला काही असल्याशिवाय कशाला लपतो? तुम्हीच सांगा."

तो निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरी असतो, टपाल दुपारी येतं आणि तू संध्याकाळी, हे मला माहीत होतं. सगळं माहीत असून मी त्या पाकिटावर तुझं नाव घातलं आणि वाटलं की ते तुलाच मिळेल. आतापर्यंतची सगळी पत्रं त्यानंच वाचली असणार. तुला त्यातलं एक तरी दिसलं का?

जाताना दारातून म्हणाला, "राजीनामा दिलाय तिनं. तीस तारखेनंतर मोकळी. या कधी घरी."

तो गेल्यावर मी तुझ्या कचेरीत गेले. इतक्या वर्षांत मी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हा तुला टोमणा मारायचा मला काय अधिकार होता? जन्ममृत्यूच्या नोंदीची तुझी खिडकी बंद होती. मी मोठ्या कारकुनांना भेटले. त्यांना काय विचारावं सुचेना, म्हणून म्हटलं, "त्या जरा गबाळ्याशा बाई इथं बसतात ना, त्यांची मी बहीण."

ते बघतच राहिले. "गबाळ्या? आमच्या बाई? कोण म्हणालं तुम्हाला?"

मग त्यांनी सांगितलं. सकाळी आलीस की पहिलं काम कोट खुंटीला. आत स्वच्छ, अंगासरशी बसणारा ब्लाउज, केस सोडून नीट बांधायचे, आणि पाच वाजता पुन्हा तो कोट. सुरुवातीला त्यांना नवल वाटलं, मग सवय झाली. कधी कोणी विचारलं नाही. खिडकीशी लोक घाईला आले की तू म्हणायचीस, "बसा हो, जन्मलंय ते कुठे पळून जाणारेय?" आणि मृत्यूची नोंद करायला येणाऱ्यांना आधी पाणी द्यायचीस. लोक वर्षा-दोन वर्षांनी पोरं दाखवायला तुझ्याकडे येतात म्हणे. तू सगळ्या कचेरीच्या नकला करतेस आणि मोठे कारकून स्वतःची नक्कल पुन्हा पुन्हा करायला लावतात.

ताई, मला वाटायचं मी तुला ओळखते. तू दिवसातले आठ तास राखले होतेस. कुणाला न सांगता, सुईदोऱ्यानं. आणि ते मी एका पत्रात त्याच्या हातात दिले.

मी त्यांना म्हटलं, पोलिसात जाऊ. ते म्हणाले, "बाई स्वतः बोलल्याशिवाय काही होणार नाही. मी घरी जाऊन आलो. त्या दारात आल्या, नवरा मागे उभा. म्हणाल्या, मी माझ्या मर्जीनं सोडतेय." तू त्यांच्याकडे वर पाहिलंही नाहीस म्हणे. राजीनामा त्याच्या अक्षरात आहे, सही तेवढी तुझी. मोठे कारकून म्हणाले, "तीस तारखेपर्यंत मी कागद पुढे पाठवत नाही. त्याआधी बाई आल्या तर मी तो फाडून टाकीन. पण त्यांना तो घराबाहेर सोडेल का?"

सोडेल, एकच गोष्ट त्याला पटली तर. तू हे ठरवून केलं नव्हतंस, तुला तेवढी अक्कलच नाही, हे पटलं तर. आणि ते त्याला तू सांगून पटणार नाही. माझ्याकडून पटेल. तो माझ्याबरोबर हसलाय.

उद्याच्या पाकिटावर नाव तुझं असेल, पत्र त्याच्यासाठी. त्यानं ते तुला मोठ्यानं वाचून दाखवलं तर तुला काय वाटेल, याचा विचार मी कालपासून करतेय. खरं काय ते तुला कळवायला माझ्याकडे एकही वाट नाही. कोट कुणी उसवला ते तुला ठाऊक आहे, पण माझा तिरस्कार मात्र तू बहुतेक मरेपर्यंत खराच मानशील. आणि इतकं करून त्याचा उपयोग होईल असंही मला वाटत नाही. पण दुसरं काही सुचत नाही, ताई. दुसरं काही उरलं नाही.


२० मार्च

ताई,

सोबत तुझे कपडे परत पाठवतेय. भावजी बिचारे एवढं ओझं घेऊन आले, पण माझी गबाळीची पेटी तुझ्या कृपेनं आधीच भरलीय. तुझं तूच वापर.

मागच्या पत्रांत मी कोटाबद्दल आणि तुझ्याबद्दल काहीबाही लिहिलं होतं, ते मनावर घेऊ नकोस. तो आत्याच्या अंगावर ढगळा दिसावा म्हणून बाजू मीच सोडल्या होत्या, नाटकाच्या आधी. टक्सही मीच उसवले आणि बटणंही मीच बदलली. टाके तुझ्यासारखे दिसतात, कारण आईनं दोघींना एकच शिकवले, त्यात काय एवढं! तू फोन उचलत नव्हतीस, तुझा रुसवा काढायचा होता, म्हणून मी तुला मोठी हुशार ठरवली. आम्ही नाटकवाले, कुठेही गोष्ट रचतो. भावजींना उगीच त्रास झाला, त्यांची माफी माग माझ्या वतीनं.

मुद्दाम गबाळं राहायला डोकं लागतं, आणि तुझं डोकं आम्हाला ठाऊक आहे. लहानपणापासून तू अशीच. आई आरसा दाखवून दाखवून थकली. आठवतं ना, आपण कुठे गेलो की मी चार पावलं पुढे चालायचे, लोकांना ही माझी बहीण असं कळू नये म्हणून?

नोकरी सोडलीस असं भावजी म्हणाले. तुझी मर्जी. पण मला तर भावजींचीच दया आली. आता हे ध्यान दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर! त्यापेक्षा गेली असतीस कचेरीत, तर त्या माणसाला घरात दोन घटका शांतता तरी मिळाली असती आणि महिन्याचा पगारही आला असता. नवे कपडे तुला शोभणार नाहीत, उगीच फुकट घालवशील. तो राखी कोट चढव आणि जा आपली.

आणि उगीच मनात काही आणू नकोस. तुझ्याकडे कोणी बघत नाही, ताई. कधीच कोणी बघितलं नाही. मीसुद्धा नाही.

तुझी धाकटी